उलट्या पन्हाळ्याचं तिकीट

दस्तगीर गेल्याचा फोन आला तेव्हा मी गडहिंग्लजला एका लग्नाच्या पंगतीत त्याचीच थाप मारत होतो. "आमच्या दस्तगीरकडं असं एक पोस्टाचं तिकीट हाय," मी सांगत होतो, "महाराज घोड्यावर सरळ बसलेत आणि मागं पन्हाळा उलटा! बुरूज खाली, पाया आभाळात. छापखान्याची चूक. बाकीची सगळी सरकारनं जाळली, जगात एवढं एकच उरलं. लंडनचा साहेब बघायला आला, तर गड्यानं त्याला आठवडाभर दुकानाच्या पायरीवर बसवला..." ऐन रंगात आलो होतो आणि खिशातला फोन वाजला. जिलेबी ताटातच राहिली.

मंगळवार पेठेत त्याचं चष्म्याचं दुकान, शेजारी माझं सायकलींचं. त्याला नाद एकच, राजेरजवाड्यांची आणि गडकिल्ल्यांची तिकिटं. नवं तिकीट निघायचं त्या दिवशी दुकानाला कुलूप आणि हा पोस्टाच्या रांगेत पहिला. जुनी तिकिटं पाकिटाच्या तुकड्यासकट परातीत भिजत घालायची, सुटली की चिमट्यानं उचलून कागदावर पालथी वाळवायची. तेवढा वेळ भर मे महिन्यातही पंखा बंद. माझ्या अंगातून पंचगंगा वाहायची. "पंखा लाव की लेका!" म्हटलं की म्हणायचा, "राजघराणं वाळतंय बापू, जरा दम धर."

थाप माझी, पण सांभाळली त्यानं. चहाच्या गाड्यावर मी सोडून दिलेली ती गोष्ट पेठभर झाली आणि लोक दुकानात यायला लागले. "पावणं, ते इथनं काढून बँकेत लॉकरात ठेवलंय," असं सांगून तो अल्बममधलं गडांचं पान उघडायचा आणि मधला मोकळा चौकोन दाखवायचा. एकदा मी विचारलं, "आरं, जागा कशाला मोकळी सोडलीयास?"

"तू बोलून बसलायस न्हवं? भरलेलं पान बघितलं तर चारचौघांत तुला खोटं पाडतील की." एवढं बोलून तो कुणाच्या तरी चष्म्याचा स्क्रू पिळायला लागला. त्याच वेळी मला लाज वाटायला हवी होती. मी मात्र खूश होऊन गोष्टीत लंडनचा साहेब वाढवला.

चाळिसाव्या दिवसाच्या फातिह्याआधी त्याची मुलगी रेश्मा माझ्याकडं आली. "काका, लॉकर उघडला. तिकीट न्हाय. किल्ली सलीमकडं असायची." सलीम तिचा थोरला भाऊ. "विचारलं तर म्हणतो, मी कधी बघितलंच न्हाय. आख्ख्या पेठेला ठावं हाय आणि ह्याला न्हाय व्हय?"

"पोरी," मी म्हणालो, "तसलं तिकीट नव्हतंच. माझी थाप हाय ती."

 ती डोळे पुसत हसली. "काका, सलीमला वाचवायला आणि किती थापा मारशीला? अब्बा स्वतः सांगायचे, लॉकरात हाय म्हणून. माझे अब्बा खोटं बोलायचे व्हय?"

व्हय म्हणायला हवं होतं... जन्मभर न थांबलेली माझी जीभ तेवढ्या एका शब्दाला उचलली नाही. मातीआड गेलेल्या माणसाला त्याच्या पोरीसमोर खोटारडा कसा म्हणू? चाळिसाव्याला बहीण आतल्या खोलीत बसली, भाऊ बाहेर मांडवात. जेवण दोघांनीही केलं नाही. मी पंगतीत मान खाली घालून बसलो, आणि लोकांना वाटलं बापूला दुःख आवरत नाही.

म्हणून हे लिहून देतोय. माझ्या तोंडावर तुझा विश्वास नाही, ते बरोबरच आहे. पण रेश्मा, अल्बम काढ आणि गडांचं पान खिडकीशी धर. चिकटवलेलं तिकीट काढलं तरी कागदावर त्याची खूण राहते, हे तुझ्या अब्बांनीच तुला शिकवलंय. शेजारचं एखादं तिकीट सोडवून त्याच्या जागेवर बोट फिरव, मग त्या मोकळ्या चौकोनावर फिरव. तिथं कधी डिंक लागलेलाच नाही. बघताना सलीमला शेजारी बसवून घे.