काचपट्टीवर पाहिलेली माझी गाठ

"नर्व्ह शीथ ट्युमर दिसतोय," ठाण्याचे सर्जन एमआरआयची फिल्म उजेडासमोर धरून म्हणाले. म्हणजे मज्जातंतूच्या वेष्टनावर आलेली गाठ. "बहुतेक साधीच असेल. काढल्यावर तपासायला पाठवू."

मला त्यातलं फक्त ट्युमर ऐकू आलं. चार वर्षांपूर्वी माझी धाकटी बहीण वसू मांडीतल्या गाठीने गेली. तिची सार्कोमा निघालेली, म्हणजे कॅन्सरची.

मी डोंबिवलीत राहते आणि कल्याणच्या एका कॉलेजात जीवशास्त्राच्या लॅबमध्ये असिस्टंट आहे. मुलांना मायक्रोस्कोप लावून द्यायचा, स्लाइड पुसून ठेवायच्या, हे रोजचं काम. गाठ डाव्या दंडात आतल्या बाजूला होती, कोपराच्या जरा वर. दुखत नव्हती. पण टेबलाची कड लागली की करंगळीपर्यंत करंट जायचा. तुम्हाला असं होत असेल तर लगेच दाखवा. मी सात महिने घालवले.

ऑपरेशनमध्ये नस शाबूत ठेवून गाठ सोलून काढली. रिपोर्टला आठ दिवस लागणार होते.

ते आठ दिवस वसू घरात होती, असंच म्हणावं लागेल. बसल्या बसल्या माझा हात आपोआप मांडीवर जायचा आणि चाचपत राहायचा. ड्रेसिंगला गेले की ओपीडीत पदराने डोकं झाकलेली एखादी बाई दिसायची. किमोनंतर वसू तशी बसायची. मी मान फिरवायचे.

रिपोर्ट आला. श्वानोमा, म्हणजे नसेच्या आवरणाच्या पेशींची गाठ, कॅन्सर नसलेली. पण खाली एक ओळ होती आणि तिच्यात अटिपिया हा शब्द. पेशींची केंद्रकं नेहमीसारखी नाहीत, असा त्याचा अर्थ. हाच शब्द मी वसूच्या रिपोर्टात वाचलेला.

"बिनाइन, म्हणजे साधीच आहे मॅडम, टेन्शन घेऊ नका," सर्जन फोनवर म्हणाले. मला ते पटेना. सोमवारी मी रजा टाकून थेट हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजीत गेले.

तिथल्या डॉक्टर बाई साठीच्या असतील. "पेशंट सहसा इथे येत नाहीत," त्या म्हणाल्या. मी माझं काम सांगितलं, वसूचं सांगितलं. त्यांनी मायक्रोस्कोपसमोरचं स्टूल माझ्याकडे सरकवलं आणि माझ्या गाठीची स्लाइड लावली.

गुलाबी पार्श्वभूमीवर लांबट निळी केंद्रकं. एक रांग, मध्ये मोकळी गुलाबी पट्टी, पलीकडे तशीच दुसरी रांग.

"या जोडीला व्हेरोके बॉडी म्हणतात. पेशींची ही दाट जागा म्हणजे अँटोनी ए." त्यांनी काच सरकवली. आता सगळं विरळ, पाणचट. "हे अँटोनी बी. दोन्ही एकाच साध्या गाठीत असतात."

काच आणखी सरकली. मोठी, काळपट, वेडीवाकडी केंद्रकं.

"हाच तो अटिपिया. गाठ जुनी झाली की काही पेशी अशा फुगतात. बघायला भीतीदायक, पण त्या दुभंगून वाढत नाहीत, कॅन्सरच्या पेशी वाढतात. पेशींचं विभाजन ओळखता येतं ना तुम्हाला? मग शोधा."

कांद्याच्या मुळातलं विभाजन मी वीस वर्षं मुलांना दाखवतेय. मी शोधत राहिले. मान अवघडली. दुभंगणारी एकही पेशी सापडली नाही.

मग मी कोणालाच न सांगितलेलं बोलून गेले. "वसूने तिची गाठ मला दाखवलेली. मी दाबून बघितली आणि म्हटलं, चरबीची असेल, सोड."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "बोटांनी मलाही कळलं नसतं. कोणालाच कळत नाही. म्हणून तर हे यंत्र."

म्हणून सांगते, गाठ कोणाचीही असो, बोटांनी निकाल देऊ नका. आणि रिपोर्टातल्या शब्दाने जीव घाबरला तर तो लिहिणाऱ्या माणसाला जाऊन विचारा. त्या बाईंनी दिलेल्या अर्ध्या तासाचं ऋण माझ्यावर कायम राहील. करंगळी थोडी बधिर आहे, पण काम अडत नाही.

पुढच्या रविवारी मी खडवलीला वसूच्या नवऱ्याकडे, दिनकरकडे गेले. ओट्यावर बसून त्याला सगळं सांगितलं. तिने गाठ मला दाखवलेली, मी काय म्हणाले, तेही.



"ताई, तिने आधी मला दाखवलेली," तो म्हणाला. "मी टीव्ही बघत होतो. मान वळवूनसुद्धा बघितलं नाही. म्हटलं, ताईला दाखव."

चार वर्षं आम्ही एकमेकांना फोन करायचं टाळत होतो. मला वाटायचं, तो माझ्यावर रागावलाय. त्याला वाटायचं, मी त्याच्यावर.