मागच्या सीटला दार नव्हतं

हुफूफच्या त्या अरबी घरात मी आजाऱ्याची नर्स म्हणून राहत होते, आणि दर शुक्रवारी मला एका अमेरिकन गाडीत कोंबलं जाई. कोंबलं हाच शब्द बरोबर आहे. गाडी होती कॉन्टिनेंटल मार्क फाइव्ह. आमच्या अलिबागकडच्या घराची ओटी तिच्यापुढे आखूड पडावी इतकी लांब, आणि दारं मात्र दोनच, तीही पुढे बसणाऱ्यांची. मागे बसायचं तर पुढची सीट पाडून, अंगावरचा काळा झगा, अबाया, सावरत, आधी डोकं घालावं की आधी पाय, हे ठरवत आत शिरायचं. बाईमाणसाने मागेच बसायचं, ही त्या घरची रीत. एकदा आत गेलं की पुढचा उठेपर्यंत सुटका नाही.

पुढे बसायचे बाबा, माझे पेशंट. घरातल्या मोठ्या माणसाला तिकडे नोकरमाणसं बाबाच म्हणतात. पक्षाघाताने त्यांची उजवी बाजू गेली होती आणि बोलणंही. तरुणपणी तेलाच्या कामावर अमेरिकनांबरोबर असताना घेतलेली ही गाडी त्यांनी लेकरासारखी जपली होती. मखमली सीटवर सुरकुती नाही, क्रोमवर डाग नाही. छताच्या मागच्या भागात दोन्हीकडे अंड्याच्या आकाराची एकेक काच, न उघडणारी. डिकीवर स्टेपनीसारखा गोल फुगवटा, पण त्याच्या मागे स्टेपनी नाहीच, नुसता थाट. चालवायचा त्यांचा मुलगा, म्हणजे माझा कफील, ज्याच्या नावावर माझा व्हिसा होता. घरच्या ड्रायव्हरला फक्त पुसायची परवानगी होती.

बाबांना पाणी हवंय एवढंही सांगता येत नसे, पण गाडीची कुळकथा मात्र यायची. या आजारात असं होतं. नवं वाक्य जुळत नाही, पण जन्मभर घोकलेलं कुठेतरी शिल्लक राहतं. म्हणून मी त्यांच्याकडून तोच व्यायाम करून घ्यायची. मागून विचारायची, "बाबा, फर्स्ट वन?" की ते इंग्रजीत सुरू व्हायचे.

पहिली कॉन्टिनेंटल कंपनीच्या संस्थापकाच्या मुलाने स्वतःच्या सुट्टीसाठी बनवून घेतली. लोकांनी पाहिली, आम्हालाही हवी म्हणाले, म्हणून विकायला काढली. मग आली मार्क टू, इतक्या निगुतीने बांधलेली की प्रत्येक गाडीमागे कंपनीचाच खिसा फाटायचा. त्यानंतर थ्री, फोर, फाइव्ह निघाल्या, पण त्या घराण्याला शोभेनात. मग काही वर्षांनी कंपनीने त्या जणू झाल्याच नाहीत असं ठरवून पुन्हा नव्याने थ्री काढली, मग फोर आणि मग ही, आमची फाइव्ह. सगळ्यांत लांब. इथे बाबा डाव्या हाताने डॅशबोर्ड थोपटायचे. पुढची सिक्स आखूड झाली आणि चार दारांचीही निघाली. "फोर डोअर्स," ते तोंड वाकडं करायचे, "टॅक्सी!" सेव्हन आणि एट ते उरकून टाकायचे. मी मागे गुडघे आवळून बसलेली असायची आणि मनात म्हणायची, बाबा, मला ती टॅक्सीच आवडली असती.

कारण मला घरी जायचं होतं. माझ्या मुलीचं पहिलं बाळंतपण होतं आणि तिला माहेर म्हणून माझ्याशिवाय कोणी नव्हतं. तिचे वडील ती शाळेत असतानाच गेले. तिचं डोहाळजेवण मी मोबाइलवर पाहिलं, ओटी शेजारच्या काकूंनी भरली. हॉस्पिटलातल्या नर्सना देशाबाहेर जायचा परवाना स्वतः काढता येतो. मी घरकामाच्या व्हिसावर. माझ्या परवान्याचं बटण कफीलच्या मोबाइलात. सुट्टी मंजूर, तिकीट तयार. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं. विचारलं की बाबांचा मुलगा म्हणायचा, "इन्शाल्ला, सिस्टर." देवाची इच्छा असेल तर. त्या शब्दाचा दोष नाही, तो चांगलाच आहे, पण या माणसाच्या तोंडी तो म्हणजे बोलाचाच भात आणि बोलाचीच कढी.

नववा महिना लागला. रात्री मुलगी फोनवर म्हणाली, "आई, खरं सांग, येणारेस ना? नाहीतर मी मनाची तयारी करते." त्या शुक्रवारी खजुराच्या बागेतून परतताना मी गाडीतच विषय काढला. नर्सने मागून असं बोलायचं नसतं, पण माझी सहनशक्ती संपली होती.

"सर, मेरा एक्झिट कब होगा?"

आरशात बघत मुलगा म्हणाला, "मैं क्या करेगा, सिस्टर? बाबा छोड़ता नहीं."

इन्शाल्लाच्या जोडीला हे तो मला महिनाभर सांगत होता आणि मी ते खरं मानून बाबांवर धुमसत होते. औषध देताना हसणंसुद्धा बंद केलं होतं. पण आज तो हे त्यांच्या शेजारी बसून बोलला. ज्याला बोलता येत नाही त्याला समजतही नाही, असं त्याने धरूनच ठेवलं होतं. पण नोकरमाणसांशी बोलायची ती मोडकी हिंदी बाबांना चांगली कळायची. त्यांची मान हळूहळू मुलाकडे वळली. तेव्हा मला कळलं की त्यांना हे कोणी विचारलंच नव्हतं.

घर आलं. इंजिन बंद झालं आणि त्याबरोबर एसीही. मुलाने येऊन बाबांचं दार उघडलं, हात पुढे केला. बाबा उतरेनात.

"यल्ला, बाबा." चला.

"ला," बाबा म्हणाले. नाही. डाव्या हाताने त्यांनी सीटबेल्ट घट्ट धरला होता.

भर उन्हाळ्याची दुपार. उघड्या दारातून भट्टीसारखी हवा आत येत होती. मुलाने समजावलं, विनवलं, आवाज चढवला. उत्तर एकच, "ला". बाबांच्या मानेवर घाम उतरला. मी मागून त्यांची नाडी धरली, ती धावत होती. माझं इकडे आड, तिकडे विहीर. नर्स म्हणून सांगायला हवं होतं, बाबा, उतरा, प्रेशर वाढेल. आई म्हणून मी गप्प बसले. मालकाच्या बाजूने उतरायची मला मुभा नव्हती आणि बाबांची सीट हलल्याशिवाय मलाही उतरता येत नव्हतं, तेव्हा जे त्यांचं होईल ते माझंही होईल, अशी मी स्वतःची समजूत घातली.

मग बाबांनी बेल्ट सोडला आणि मुलाच्या हातातल्या मोबाइलवर बोट ठेवलं. ते बोट नंतर खांद्यावरून मागे, माझ्याकडे वळलं.

मुलगा लालबुंद झाला. उन्हात उभा राहून त्याने काय काय दाबलं, आणि माझ्या पर्समधला फोन थरथरला. परवाना आला होता, दोन महिन्यांचा. मी तो बाबांना दाखवला. तेव्हा कुठे ते उतरले. मी त्यांना पाणी पाजलं, प्रेशर मोजलं आणि स्वयंपाकघरात जाऊन मनसोक्त रडले.

विमान दम्मामहून होतं. मला सोडायला मार्क फाइव्हच निघेल, असं बाबांनी काठी आपटून ठरवलं. गाडीपाशी आल्यावर त्यांनी पुढची सीट पाडायला लावली आणि स्वतः मागे शिरायला लागले. लुळा पाय आत घेताना मला आणि ड्रायव्हरला घाम फुटला. मग त्यांनी काठीने पुढची सीट दाखवली. माझ्यासाठी.

"ऐब, बाबा," मुलगा पुटपुटला. लोक काय म्हणतील.

"यल्ला," बाबा म्हणाले.

दम्मामपर्यंत मी काचेजवळ बसले, दाराच्या हँडलवर हात ठेवून. मागून कुळकथा चालू होती. सिक्सपाशी आल्यावर "टॅक्सी" म्हणून ते स्वतःच हसले.

विमानतळावर मी माझं दार मीच उघडून उतरले. बाबांना पुढे घ्यावं म्हणून सीट पाडायला वाकले, तर त्यांनी मान हलवली. घरी पोचेपर्यंत ते मागेच बसणार होते.

"दो महीना, बाबा," मी म्हटलं. "मैं वापस आएगी. इन्शाल्ला."

माझ्या तोंडून तो शब्द अर्धा खरा, अर्धा त्यांच्या मुलाच्या इन्शाल्लासारखा निघाला आणि तसाच त्यांनी ऐकला. अर्ध्या चेहऱ्याने हसले आणि चांगला हात त्या अंड्याच्या आकाराच्या काचेला लावला. दार मलाच लावायचं होतं. ते फार जड होतं, दोन्ही हातांनी ढकलावं लागलं.