सईचं राज्य

काल संध्याकाळी सव्वासहा वाजता आमच्या बिल्डिंगखाली सहा वर्षांच्या सईवर अन्याय झाला. लपाछपीत पोरांनी तिला कच्चं लिंबू ठरवलं, म्हणजे तिच्यावर राज्य येणारच नाही. एरवी आईमागे लपणारी ही पोर चक्क भांडली, "मी कच्चं लिंबू नाही! मलापण राज्य द्या!" पोरं नमली, "बरं, घे. पण रडायचं नाही हां!" तेवढ्यात गॅलरीतून तिचे बाबा ओरडले, "त्रास देऊ नका रे तिला! सई, वर ये!"

ती राज्य सोडून वर गेली. अहो, चार माणसांत आपली जागा मागायला माणूस अशा भांडणांतूनच तर शिकतो! आईबाबांनो, आज पोरं भांडली तर गॅलरीत गप्प उभे राहा.