न रंगवलेली काच

जंतुनाशक कार्बोलिकचा वास आला की पनवेलच्या दवाखान्यातली माझी रक्त तपासायची खोली आठवते. स्वातंत्र्य नवं होतं, माझी नोकरीही. गव्हाणच्या मिठागरावरची एक बाई तापाने फणफणलेल्या नवऱ्याला बैलगाडीतून घेऊन आली. त्याच्या रक्ताची निवळ मी मुदतीच्या तापाच्या, म्हणजे टायफॉइडच्या, मेलेल्या जंतूंत मिसळली; सकाळी नळीच्या तळाशी पुंजके बसलेले दिसले, म्हणून तोच ताप लिहून दिला. बाई म्हणाली, “दादा, म्हयन्यामागं आमा सगल्यांना याच तापाची सुई टोचलीय, मंग यांना कसा झाला?” मी खेकसलो, “आता तू मला शिकवणार?” खरं तर लशीतही तेच मेलेले जंतू असतात, त्यांच्या अंगावरची प्रथिनं रक्त एकदा ओळखायला शिकलं की ताप नसतानाही नळीत पुंजके धरतात, हे मला पाठ होतं. मलेरियासाठी रक्ताचा थेंब पसरून ठेवलेली त्याची काच मी रंगवून बघितलीही नव्हती. पाचव्या दिवशी तो गेला, तेव्हा रंगवली. सूक्ष्मदर्शकाखाली मलेरियाच मलेरिया होता. ती काच मी कार्बोलिकमध्ये बुडवून धुऊन टाकली आणि कागदावरचा ताप तसाच राहू दिला. निवृत्तीच्या दिवशी सगळ्यांनी माझ्या अचूकपणाचं कौतुक केलं, आणि मी मान वाकवून हार घालून घेतला.