बुटातला सोडा

आत्या म्हणे इतक्या वर्षांत एकदाही नदीत पडलेली नाही.

ही बातमी बेकरीतून निघते तेव्हा साधीसुधी असते. केमिस्टच्या दुकानापर्यंत पोचेतो तिला पाय फुटलेले असतात. "पडायचं सोडा हो, त्यांचे केससुद्धा ओले होत नाहीत," केमिस्ट चष्मा कपाळावर चढवून, आवाज खाली आणून सांगतो. जणू कुणाच्या रक्ताचा रिपोर्टच वाचून दाखवतोय. तिथून ती ड्रायव्हिंग स्कूलच्या बाकावर येते, तोवर आत्या एका हाताने वल्हं मारत आणि दुसऱ्या हाताने चहा पीत धबधब्यावरून उतरायला लागलेली असते.

खरं काय ते आत्याच्या घरचा, सोड्याच्या बाटल्यांनी भरलेला फ्रिज सांगेल. क्लबात आत्याइतकं कुणी पडलेलंच नाही.

इथे पडणं म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. कयाक ही एका माणसाची निमुळती बोट. कमरेभोवतीचा रबरी घेर बोटीच्या तोंडावर ताणून बसवायचा, म्हणजे पाणी आत येत नाही. डोंगरातली नदी सरळ वागत नाही, त्यामुळे बोट उलटते. त्यात लाज नाही. डोकं पाण्याखाली असताना वल्हं फिरवायचं, कंबर झटकायची आणि बसल्या जागी परत वर यायचं. ते जमलं नाही आणि घेर सोडून बाहेर यावं लागलं, की तुम्ही 'पोहलात'. साऱ्या जगात पोहता येणं कौतुकाचं. आमच्या क्लबात 'पोहला' ही शिवी. आणि पोहणाऱ्याला शिक्षा एकच. काठावर यायचं, आपल्याच ओल्या बुटात लिंबू सोडा ओतायचा आणि सगळ्यांदेखत प्यायचा.

आत्याची गंमत अशी, की ती एकटी नदीवर गेली आणि पोहली, तरी घरी येऊन स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभी राहून बुटातून सोडा पिते. तिच्या भाचीने हे एकदा दारातून पाहिलं. (भाची म्हणजे हे लिहिणारी. पण गोष्ट आत्याची आहे, तेव्हा भाचीने भाचीच राहावं हे बरं.)

"अगं, इथे कोण बघतंय?" भाचीने विचारलं.

"बूट. पायातच होता तो," आत्या म्हणाली, आणि उरलेला घोट संपवून तिने बाटलीवरचं लेबल वाचलं. "हा सोडा मेला साबणासारखा लागतो. पुढच्या वेळी दुसरा आणू."

पुढच्या वेळी! म्हणजे पुढचं पडणंही ठरलेलं. लोकांना ती खरंच सांगते, "मी तर हजारदा पोहले." पण सांगते इतक्या मजेत, की लोकांना तो विनय वाटतो. विनय! आत्याच्या अंगात विनय आणि घड्याळाच्या अंगात कुकरची शिट्टी, दोन्ही सारखंच.

आत्याचा धंदा ड्रायव्हिंग स्कूलचा. एक गाडी, दोन्ही बाजूंना ब्रेक आणि क्लच, छतावर स्कूलची पाटी आणि पाटीशेजारी बहुतेक वेळा बोट. नदीवरही तिची भाषा तीच. "आरसा बघ!" म्हणजे मागचं पाणी बघ. "हाफ क्लच!" म्हणजे वल्हं हलकं धर. "सिग्नल न देता वळलास ना? आता भोग!" म्हणजे माणूस उलटलेला आहे. मोठ्या दगडांमागे पाणी थांबलेलं असतं, तिथे शिरून ती पुढची वाट न्याहाळत बसते. क्लबात त्याला 'ताईंचं पार्किंग' म्हणतात.

गेल्या वर्षी तिच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं. खांदा बरा झाला, पण क्लबाचे सचिव बरे झाले नाहीत.

"म्हणजे कसं आहे, ताई," ते म्हणाले. सचिवांचं प्रत्येक वाक्य 'म्हणजे कसं आहे'ने सुरू होतं, मध्ये एकदा खोकतं आणि 'नियम म्हणजे नियम'वर येऊन बसतं. "ऑपरेशननंतर, खॉक, घळीतली चाचणी द्यावी लागते. न पोहता खाली आलात तर नवख्यांची तुकडी तुमची. नियम म्हणजे नियम."

"आणि पोहले तर?"

"तर यंदा तुकडी आमचे जावई नेतील."

जावईबापू दंडाने मोठे, चष्म्याने काळे आणि आवाजाने लाऊडस्पीकर. ते शिकवतात म्हणजे काठावरून "जोर लाव! जोर!" असं ओरडतात. यंदाच्या तुकडीत आत्याच्याच हाताखाली गाडी शिकलेल्या बायका होत्या. बेकरीवाल्याची बायको, दवाखान्यातली नर्स, शाळेतल्या गणिताच्या बाई. त्यांनी नाव घातलं होतं ते एकाच अटीवर, की पुढे आत्या हवी. नर्स तर स्पष्टच म्हणाली होती, "माझ्यावर ओरडायला घरी माणसं आहेत. मी पाण्यात ओरडून घ्यायला येत नाही." आत्याही ओरडते, पण तिचं ओरडणं त्यांना सवयीचं होतं. त्या ओरडण्यावर त्या घाटात गाडी चालवायला शिकल्या होत्या. तुकडी गेली, तर त्या बायका घरी बसणार, हे आत्याला पक्कं ठाऊक होतं.

चाचणीच्या सकाळी आत्या गाडी चालवत होती आणि भाची मास्तरांच्या सीटवर बसली होती, पायाशी दुसरा ब्रेक.

"पाय लांब ठेव त्याच्यापासून."

भाचीने घसा खाकरला. "म्हणजे कसं आहे, ताई, खॉक, ब्रेक म्हणजे ब्रेक."

आत्या इतकी हसली की तिला गाडी कडेला घ्यावी लागली. हसून झाल्यावर तिने उजवा खांदा एकदा गोल फिरवला. भाचीने ते पाहिलं.

"तू पोहणारच नाहीस," भाची म्हणाली. "लाव पैज. पोहलीस, तर तुझ्या बुटातला सोडा मी पिते."

"आणि नाही पोहले तर?"

"तर मला महिनाभर गाडी शिकवायची. न ओरडता."

"न ओरडता? महिनाभर?" आत्याचा चेहरा खरोखरच उतरला. "माझा जीव घेतेस का? बरं, लावली."

घळ म्हणजे दोन कड्यांमधली अरुंद गल्ली, आणि त्या गल्लीच्या मध्यावर 'तिकीटचेकर'. हा एक काळा दगड, पोट पुढे काढून उभा. येणाऱ्या प्रत्येकाला अडवतो, म्हणून ते नाव. त्याच्या पाठीमागे काय चालतं ते वरूनही दिसत नाही आणि खालूनही नाही. वर जावईबापू दोर घेऊन उभे, खाली सचिव, भाची आणि तुकडीतल्या बायका.

आत्याने हेल्मेटचा पट्टा आवळला, भांडी घासायचा पिवळाधम्मक स्पंज नेहमीप्रमाणे सीटमागे खोचला, आत शिरलेलं पाणी टिपायला तो लागतो. मग घेर ताणून बसवला आणि निघाली. पहिली घसरण तिने लोणी कापावं तशी कापली. दुसरीला बोटीचं नाक फेसात गेलं आणि वर आलं. तिकीटचेकरला वळसा घालताना मात्र मागची लाट आडवी आली, आणि बोट पालथी.

पाण्याखाली आत्या घाबरत नाही, चिडते. तिने उजवीकडून वल्हं मारलं. खांद्यातून कळ गेली, बोट अर्धी वळली, परत पडली. वर्षभर खांद्याच्या डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडून डावी बाजू घोटून घेतली होती. दवाखान्याच्या आरशासमोर खुर्चीत बसून, हातात झाडूचा दांडा घेऊन. आणि आत्याने दुसऱ्यांदाही उजवीकडूनच मारलं. नवशिका घाबरून ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबतो ना, अगदी तसं. ज्या चुकीवर तिने उभी हयात पोरांना झापलं, ती नेमकी आपण केली, हे तिला उलटं लटकलेलं असतानाच कळलं. श्वास संपला. तिने घेर ओढून सोडला आणि बाहेर आली.

पोहली.

प्रवाहाने तिला आणि बोटीला दगडामागच्या थांबलेल्या पाण्यात ढकललं. तिथे मांडीएवढं पाणी होतं. ती उभी राहिली, गुडघ्याचा टेकू देऊन बोट रिकामी केली. वर पाहिलं, कुणी नाही. खाली पाहिलं, कुणी नाही. म्हणजे कुणाला कळणार नव्हतं. हे तिच्या ध्यानात आलं, आणि लगोलग दुसरंही ध्यानात आलं, की आपण पैज जिंकलो! ती एकटीच हसली, बोटीत बसली आणि घेर नीट बसवला.

खाली सचिव भाचीला समजावत होते, "म्हणजे कसं आहे, खॉक, पार्किंगला थांबल्या असतील."

आत्या दगडामागून निघाली आणि शेवटची घसरण उतरून काठाला लागली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. सचिवांनी कागदावर सही करायला पेन काढलं. आत्याने बोटीतून पाय बाहेर काढला, उजवा बूट काढला आणि भाचीसमोर धरला.

"सोडा काढ."

"म्हणजे?"

"पोहले मी. दगडामागे. घे."

कुणी विश्वास ठेवला असेल तर शपथ. "ताई पण ना!" बेकरीवाल्याची बायको म्हणाली. "अहो, थट्टा पुरे," सचिव म्हणाले, "तुम्ही कधी पोहता का? सगळ्या गावाला माहीत आहे." भाची तर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "खोटं बोलतेस तू! न ओरडता शिकवायला नको म्हणून!"

"अगं, खरंच पडले!"

"पुरावा?"

आत्याने स्वतःकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. केस ओले, तर सगळ्यांचेच होतात. दगड काही बोलत नाही. आयुष्यभर ती खरं सांगत आली आणि गावाने ऐकलं नाही. आता ऐकायला हवं होतं, तर तिच्याच कीर्तीने तिचं तोंड दाबलं होतं.

एवढ्यात वरून जावईबापू आले, दोर गुंडाळत, बुटांनी खडी उडवत. नदीकडे बोट दाखवून म्हणाले, "ते काय येतंय?"

घसरणीवरून डुलत डुलत, अजिबात घाई नसलेला, पिवळाधम्मक स्पंज येत होता. सीटमागचा. घेर उघडल्याशिवाय जो बाहेर येऊच शकत नाही, तो. जावईबापूंनी गुडघाभर पाण्यात उतरून तो धरला आणि पिळला. असं मन लावून त्यांनी आजवर काहीच पिळलं नसेल.

"आला माझा साक्षीदार!" आत्या ओरडली.

सचिवांनी पेनाला टोपण लावलं. नर्सने मान खाली घातली. "म्हणजे कसं आहे, ताई..."

"कसं आहे ते मी सांगते. एका दिवसात दोनदा चाचणी देऊ नये, असा नियम आहे?"

सचिव खोकले. एकदा, मग परत एकदा. "नाही. असा नियम नाही."

"मग नियम म्हणजे नियम. तुमची उजवी चप्पल द्या."

"चप्पल? का?"

"माझा बूट अडकलाय. तो वाळला तर सोड्याला मजा नाही." तिने बूट काठच्या पाण्यात ठेवला, वर दगड ठेवला आणि भाचीला बजावलं, "हलवलास तर याद राख." सचिवांची चप्पल पायात सरकवली, बोट डाव्या खांद्यावर घेतली आणि पायवाटेने फटक फटक करत वर गेली. सचिव एका पायावर उभे राहिले.

या वेळी जावईबापू तिकीटचेकरसमोरच्या कपारीत जाऊन बसले, काळा चष्मा काढून. त्यांनी नंतर सांगितलं ते असं. (भाची हे त्यांच्याच आवाजात सांगते, पण कागदावर तेवढा आवाज मावत नाही.) ताई आल्या. लाट आली. बोट पालथी! नुसतं बोटीचं पोट दिसतंय! मी दोर उचलला, आणि डावीकडून, अहो डावीकडून, झपकन वल्हं निघालं, मागोमाग ताई, आणि डोळ्यांतलं पाणीसुद्धा न पुसता मला म्हणाल्या, "सिग्नल दिला होता हं मी!"

जावईबापूंनी टाळी वाजवली. ही गोष्ट त्यांनी सासऱ्यांना सांगितली नाही, पण दगडामागचं दिसत नसलं तरी कपार खालून दिसत होती, आणि भाचीने ती टाळी पाहिली होती.

खाली आल्यावर आत्याने सचिवांना चप्पल परत केली आणि सचिवांनी कागदावर सही केली, दोन्ही पायांवर उभं राहून. तुकडी आत्याची झाली. गणिताच्या बाई लगेच विचारायला लागल्या, आपले बूट किती मापाचे घ्यायचे, कारण घट्ट बुटात सोडा कमी मावेल.

भाची हळूच गाडीकडे निघाली होती.

"कुठे?"

"अगं, पण दुसऱ्या फेरीत तू पोहली नाहीस. फिटंफाट झाली!"

"दुसऱ्या फेरीवर लावली होतीस पैज?"

"...नाही."

"मग." आत्याने दगड बाजूला केला, बूट उचलला, आतली वाळू तशीच राहू दिली आणि सोडा काठोकाठ ओतला. "आणि मध्ये थांबायचं नाही. हायवे समज."

सोड्याला रबराची चव होती, शेवाळाची होती, आणि आत्याच्या पायाची तर होतीच. भाचीने बूट रिकामा केला आणि सगळ्यांना उलटा करून दाखवला. वाळूचे दोन कण पडले.

"उद्या सकाळी गाडी," आत्या म्हणाली. "आणि मी ओरडणार आहे."