जैसलमेरात घातलेला सडा

गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावहून एसटीने गोंदिया, तिथून गाड्या बदलत तिसऱ्या दिवशी सकाळी जैसलमेरला उतरले. जावई तिथे पवनचक्क्यांवर कामाला आहेत. लेक कविताला सातवा महिना होता. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून तिला आणायला गेले होते.

स्टेशनाबाहेर येताच किल्ला दिसला. पिवळ्या दगडाचा, उन्हात घातलेल्या धानाच्या राशीसारखा. त्यात आजही लोक राहतात, कपडे वाळत घालतात, दुकानं मांडतात. जावयांनी हवेल्या दाखवल्या. दगडात इतकी बारीक जाळी की मी बोट लावून पाहिलं. इथे शेती थोडी. येणारे पाहुणे, दगड आणि आता वारा, यांवर गाव जगतं, असं ते सांगत होते. जेवायला बाजरीची भाकर आणि केर-सांगरी (रानफळं व खेजडीच्या शेंगांची भाजी). भात नव्हता, तरी दोनदा मागून घेतलं.

पण कविता यायला तयार नव्हती. एवढ्या लांबचा प्रवास डॉक्टर नको म्हणाले होते. परक्या मुलखात हिचं कोण करेल, या विचाराने मला झोप लागली नाही.

पहाटे उठून सवयीने दार झाडलं, सडा घातला. रेती पाणी पिऊन टाकत होती, म्हणून दुसरी बादलीही ओतली.

"माय, हे काय करून राहिली वं? नळ परवा येते," कविता दारातून ओरडली.

ते पाणी घरमालकिणीचंही होतं. मांगीबाई ओढणी सावरत बाहेर आली. आता लेकीला खोली सोडायला सांगते, असं मला वाटलं. तिने ओली रेती पाहिली.

"किसी का ब्याह है क्या?"

आमच्याकडे रोज करतात, लक्ष्मी येते, एवढंच कसंबसं बोलले.

"रोज? हमारे यहाँ तो लक्ष्मी मटके में रहती है."

मग तिने कमरेची किल्ली काढून टांक्याचं (पावसाचं पाणी साठवायच्या टाक्याचं) कुलूप उघडलं आणि एक घागर स्वतः आमच्या चुलीजवळ आणून ठेवली. हे पाणी ती घरच्या बाळंतिणींसाठी राखते, असं कविता मला हळूच म्हणाली. मांगीबाईने ते ऐकलं असावं.

"इसके लिए भी रखा है," ती कविताच्या पोटाकडे बघत म्हणाली.

मी तिचे हात धरले.

चार दिवसांनी एकटीच परतले. शेजारणींनी विचारलं, पोरगी काऊन नाही आणली? मी म्हटलं, तिचं बाळंतपण माहेरीच होणार आहे. त्यांना वाटलं, मी पुन्हा आणायला जाणार. मला समजावून सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.