वरचा कॅमेरा

माझा धाकटा भाऊ इंग्लंडमधल्या एका टीव्ही चॅनेलच्या गाडीत कामाला होता. गाडी म्हणजे ट्रकच. फुटबॉलच्या मैदानाबाहेर तो ट्रक उभा करायचे. आत भिंतभर लहान लहान पडदे, आणि त्यांच्यासमोर बसून माझा भाऊ रिप्ले काढायचा. गोल झाला, कुणी कुणाला पाडलं, की तेवढाच तुकडा मागं ओढून हळू चालीत परत दाखवायचा. सामना असा सलग त्याला कधी बघायलाच मिळत नसे. सगळे पुढं गेलेले असतात आणि मी मागंच रेंगाळत असतो, असं तो म्हणायचा.

हे काम तो बिदरमध्येच शिकला होता. इथल्या केबलवाल्याकडं बसवजयंतीची मिरवणूक थेट दाखवायचे, तेव्हा एका दुकानाच्या गच्चीवर टेबल टाकून हा तीन कॅमेऱ्यांची चित्रं एकामागून एक लावायचा. मग शिकायला म्हणून इंग्लंडला गेला, आणि तिथंच राहिला.

अव्वाला, म्हणजे आमच्या आईला, फुटबॉलमधलं काही कळत नव्हतं. मलाही नव्हतं. मी शाळेत मराठी शिकवते. मैदान म्हटलं की मला पोरांना उन्हातून आत हाकलणंच आठवतं. पण भावानं एकदा फोनवर सांगितलं की आमच्या गाडीतली चित्रं तुमच्याकडच्या खेळाच्या चॅनेलवरही येतात. त्या शनिवारपासून बिदरमधल्या आमच्या मैलूरच्या घरात फुटबॉल सुरू झालं. तिकडची दुपार म्हणजे आमच्याकडं रात्रीच्या जेवणाची वेळ. अव्वा सायंकाळची लिंगपूजा लवकर उरकायची, भाकरी झाकून ठेवायची आणि भिंतीला पाठ लावून बसायची. गोल झाला की ती हलत नसे. रिप्ले आला की मात्र मान पुढं काढायची.

"हे आपल्यानं दाखवलं," ती म्हणायची.

मी एकदा सांगून बघितलं की गाडीत रिप्लेवाले तिघं-चौघं असतात, प्रत्येक रिप्ले त्याचाच असेल असं नाही. तिनं ऐकून घेतलं आणि पुढच्या रिप्लेला परत तेच म्हणाली.

तिथला दुसरा माणूस तिला माहीत होता तो कॅमेऱ्यावाले काका. मैदानाच्या एका बाजूला, प्रेक्षकांच्याही वर, छपराखाली एक मचाण असतं. त्यावरच्या कॅमेऱ्यातून अख्खं मैदान दिसतं. सामन्याचा बहुतेक वेळ आपण तेच चित्र बघत असतो. तो कॅमेरा हे काका चालवायचे. भाऊ नवा असताना त्यांनी त्याला हाताशी धरलं होतं, नाताळात एकटा राहू नये म्हणून घरी जेवायला नेलं होतं. अव्वानं इथून पाठवलेली शेंगाचटणी आणि कडक भाकरी भावानं त्यांना खाऊ घातली. पहिल्याच घासाला त्यांना ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यांनी परत मागून घेतली म्हणे. व्हिडिओ कॉलवर अव्वानं त्यांना एकदाच बघितलं. ती कानडीत बोलली, ते इंग्रजीत बोलले, आणि दोघंही बराच वेळ हसत राहिले.

रविवारी भावाचा फोन आला की आम्ही स्पीकर लावायचो. अव्वा परातीत तूरडाळ निवडत बसायची आणि तो काकांनी सांगितलेल्या जुन्या गोष्टी सांगायचा. काका त्या चॅनेलमध्ये पोरवयात लागलेले. त्यांच्या आधीच्याही काळातलं त्यांना त्यांच्या उस्तादानं सांगितलेलं होतं. सुरुवातीला क्लबचे मालक थेट सामना दाखवूच देत नसत. लोक घरी बसून बघायला लागले तर मैदानात कोण येईल, ही धास्ती. एकदा चॅनेलनं मोठा गाजावाजा करून एक सामना थेट दाखवला, तोही अर्धाच. थंडी होती, मैदान निम्मं रिकामं, खेळही रटाळ झाला. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या क्लबनं कॅमेऱ्यांना फाटकातच अडवलं, आणि थेट दाखवायचा तो बेतच मोडला. नंतर कितीतरी वर्षं फक्त वर्षाचा मोठा अंतिम सामना तेवढा थेट, बाकीच्यांचे तुकडे रात्री.

"आन् त्या टेपा?" मी विचारलं.

"पुसायचे, अक्का. टेप महाग. सामना दाखवून झाला की त्याच्यावरच दुसरं काहीतरी भरायचे. काकांनी सुरुवातीला केलेल्यातलं कायच उरलं न्हाई."

अव्वानं डाळीतला खडा काढून बाजूला ठेवला. "येवढं उन्हातान्हात उभारून काढलेलं," ती म्हणाली.

"उन्हात न्हाई अव्वा, पावसात."

मग केव्हातरी साखळीतले सामने थेट दाखवायला परवानगी मिळाली. एका वर्षी क्लब आणि चॅनेलवाले भांडले आणि अर्धा मोसम देशात टीव्हीवर फुटबॉलच दिसलं नाही. काकांना त्या महिन्यांत घोड्यांच्या शर्यतीवर पाठवलं होतं. पुढं उपग्रहवाले आले, सगळे सामने तिकडं गेले, त्यातले थोडे परत आले, परत गेले. काकांचं मचाण तेवढं दर वेळी तिथंच. अजूनही शनिवारी दुपारचे सामने इंग्लंडमध्ये थेट दाखवत नाहीत, बाहेरदेशी मात्र जातात, हे ऐकून मला नवल वाटलं. मैदानाला खेटून ज्याचं घर आहे त्याला जे दिसत नाही, ते आम्ही मैलूरात जेवता जेवता बघत होतो.

तो सामना असाच शनिवार दुपारचा. आमच्याकडं सुगीची थंडी पडायला लागली होती. सकाळी भावाचा मेसेज आला होता, 'आज मी आहे, काका पण.' अव्वा ताट मांडीवर घेऊन बसली होती. पहिला भाग नेहमीसारखा गेला. दुसऱ्या भागात खेळ डावीकडं सरकत होता, वरच्या कॅमेऱ्याचं चित्र चेंडूबरोबर हळूहळू फिरत होतं, आणि मधेच ते वर गेलं. मैदान खाली सुटलं, समोरच्या बाजूची माणसं दिसली, मग छप्पर, मग नुसतं पांढुरकं आभाळ. फार वेळ नाही, पापणी लवून उघडेपर्यंत. लगेच दुसऱ्या कॅमेऱ्याचं चित्र आलं, खालचं, गवताच्या पातळीवरचं. समालोचक हसून म्हणाला की चित्रात जरा बिघाड झालाय, माफ करा.

"काय झालं गं?" अव्वानं विचारलं.

"काय न्हाई. बिघडलं असेल कायतरी."

पण वरचं चित्र परत येईना. खालच्या कॅमेऱ्यांवरच सामना चालू राहिला. खेळाडूंचे पायच पाय दिसत, चेंडू कुठं गेला कळत नसे. मग गोल झाला. खेळाडू एकमेकांच्या अंगावर पडले, लोक उठून उभे राहिले, आणि आम्ही दोघी रिप्लेची वाट बघत राहिलो. रिप्ले आला नाही. गोल घातलेल्या पोराचा चेहरा दाखवला, प्रशिक्षकाचा दाखवला, परत पोराचा. खेळ पुन्हा सुरू झाला तरी रिप्ले नाही.

अव्वानं ताट खाली ठेवलं. "आपल्या पोराला कायतर झालंय."

"अगं, बाकीचे हाईत की रिप्लेवाले."

"मग ते कामून दाखवीनात?"

मी फोन लावला. गाडीत फोन बंद ठेवतात हे मला ठाऊक होतं, तरी लावला. बंद. परत लावला. अव्वा टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसली होती, जणू पडद्याच्या कडेनं आत डोकावता येईल. त्या मैदानावरची पावसाची बुरबुर आम्हाला दिसत होती. पहिल्या रांगेतल्या एका बाईनं आपल्या मुलीची टोपी सारखी केली, तीही दिसली. माझा भाऊ तिथून भिंतीपलीकडं बसलेला, आणि तो धड आहे की नाही हे सांगणारं जगात कुणी नव्हतं.

"त्या चॅनेलवाल्याला फोन लाव," अव्वा म्हणाली.

"कोणत्या नंबरवर लावू?"

"इकडनं कायच सांगता येत न्हाई का त्यांना? तिकडनं येतंय ते सगळं."

शेजारच्या भिंतीपलीकडून कुणाच्या तरी टीव्हीवर कानडी मालिकेतलं रडणं ऐकू येत होतं. मी केबलवाल्यालाही फोन केला, का ते मला आजही सांगता येणार नाही. तो बिचारा म्हणाला, "अक्का, आमच्या हातात कायच न्हाई, ते वरून येतंय तसं आम्ही सोडतो." बऱ्याच वेळानं एक रिप्ले आला. चुकीच्या जागी, नुसत्या बाहेर गेलेल्या चेंडूचा. अव्वा तो बघून रडायला लागली. "हे त्याचंच," ती म्हणाली. "त्याच्यानं हुईना झालंय."

सामना संपला, जाहिराती लागल्या. त्यानंतर दुसऱ्याच कुठल्या तरी मैदानावरचा सामना सुरू झाला. भावाचा फोन आला तेव्हा अव्वा भिंतीला टेकून डोळे मिटून बसली होती. त्याचा आवाज ऐकून तिनं दोन्ही हात जोडले. मग तो काय सांगतोय ते तिच्या ध्यानात आलं आणि हात तसेच राहिले.

काका मचाणावर कोसळले होते. कॅमेऱ्याच्या दांडीवर त्यांचा हात होता, ते खाली गेले तसा कॅमेरा वर गेला. मचाणावर ते एकटेच असतात; शिडी चढून कुणी पोचेपर्यंत वेळ गेला. गाडीत भावाच्या समोरच्या पडद्यांपैकी एकावर ते आभाळ तसंच दिसत राहिलं होतं. कुणी ते बंद केलं नाही.

"आन् कानात आवाज होता, अक्का," तो म्हणाला. सगळ्यांच्या कानात एकमेकांचं बोलणं असतं. काकांचा माईक चालू होता. कुठलं चित्र दाखवायचं ते गाडीत बसून सांगणारा दिग्दर्शक त्यांना हाका मारत होता. उत्तराला फक्त श्वास यायचा, मोठा, घरघरता. मग कुणाच्या तरी बुटांचा आवाज आला, आणि मग तो माईक कुणीतरी काढला. दिग्दर्शक म्हणाला, "चालू ठेवा." त्यानंतरच गोल झाला.

"मला कळलंच न्हाई गोल झालेला," भाऊ म्हणाला. "मी त्या आभाळाकडंच बघायलो होतो."

बाकीचे रिप्लेवाले? त्यांचंही तेच झालं होतं. गाडीतले सगळे त्याच एका पडद्याकडं बघत होते.

काका दोन दिवस दवाखान्यात होते. भाऊ जाऊन बसायचा, पण आत फक्त घरच्यांना सोडायचे, म्हणून तो बाहेर कॉफीच्या मशीनजवळ बसायचा. अव्वा सारखी विचारायची, काय पाठवू, काय करू. इथून करण्यासारखं काही नव्हतं. तिनं जंगमांना बोलावून पूजा घातली. जंगमांनी नाव विचारलं. तिला त्यांचं नाव नीट उच्चारता येईना, तेव्हा तिनं नुसतं 'कॅमेऱ्यावाले काका' म्हणून सांगितलं आणि त्यांनीही तेवढ्यावर भागवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी शाळेत असताना मला भावाचा मेसेज आला, काका गेले. मी वर्गात होते. पोरांना निबंध लिहायला सांगून खिडकीशी उभी राहिले.

त्या मोसमानंतर सामन्यांचे हक्क दुसऱ्याच कुणाकडं गेले. चॅनेलनं ती गाडी विकली, बरीच माणसं कमी केली. भाऊ नोकरीच्या दोन ठिकाणांमधल्या मोकळ्या दिवसांत घरी आला तो येळवसेच्या, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावस्येच्या सुमाराला. येळवसेला आमच्याकडं घरात कुणी राहत नाही, सगळे शेतात जातात. अव्वाचं माहेर कोहिनूर गावचं, तिथं मामाच्या रानात आम्ही गेलो. ज्वारी कंबरेच्या वर आली होती. कडब्याची खोप केली, पांडवांची पूजा झाली, भज्जी आणि आंबील पोटभर झालं. मामाची माणसं लवंडली. भाऊ बांधावर बसून होता. आल्यापासून तो फार बोलत नव्हता, आणि आम्हीही काही विचारलं नव्हतं.

अव्वा त्याच्याजवळ जाऊन बसली. मी भांडी आवरत होते, म्हणून ऐकू आलं.

"तू उठून वर कामून गेला न्हाईस?" ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"कुणी ऊठ म्हणलं न्हाई, अव्वा. एकानं जरी म्हणलं असतं तर उठलो असतो. सगळे बसून होते. हात चालूच होते माझे, बटणं दाबायलो होतो. काय दाबायलोय कळत नव्हतं."

"व्हय," अव्वा म्हणाली.

"गेलो असतो तरी काय केलं असतं?"

"ते बी खरं हाय."

तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. हात तिथंच होता, पण भाऊ काही रडला नाही. थोड्या वेळानं मामानं चहा टाकला म्हणून हाक मारली, तेव्हा दोघंही उठून आले.

आता तो परत तिकडं आहे. दुसऱ्या कंपनीत, तेच रिप्लेचं काम, पण मैदानावर जात नाही. शहरातल्या एका इमारतीत बसतो, सामन्याची चित्रं तारेतून तिथं येतात. आमच्याकडं ते सामने दिसत नाहीत. एका ॲपवर दिसतात म्हणे. मी ते फोनवर घेऊन बघितलं, पण चित्र अडकत अडकत यायचं आणि अव्वाला एवढ्याशा पडद्यावर काही दिसेना. तिनं दोन शनिवार प्रयत्न केला. तिसऱ्या शनिवारी ती जेवून लवकर झोपली.

परवाच्या रविवारी तिनं त्याला विचारलं, "वरच्या कॅमेऱ्यावर कोण असतंय आता?"

"कुणी न्हाई, अव्वा. नव्या मैदानांत तो मशीनवर फिरतो. लांबून चालवतात."

"एकटाच असतो का वर?"

"कॅमेरा? व्हय, एकटाच."

फोन चालूच होता, तिकडून त्याचा श्वास ऐकू येत होता. शेवटी मी विचारलं की तिकडं थंडी किती आहे. तो म्हणाला, बरीच आहे.